डोळ्यांपुढचा रक्ताचा पडदा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील वैद्यमंडळींत एक थट्टा रूढ होती. डोळा बाहेरून निर्मळ दिसत असूनही माणूस आंधळा झाला, तर त्या रोगाची व्याख्या अशी करीत की, यात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही. थट्टा खरी, पण ती वस्तुस्थितीला धरून होती. मोतीबिंदू पांढरा पडला म्हणजे तो दिसे, बुबुळावर फूल पडले तर तेही दिसे. पण बाहुलीच्या पलीकडे जे काही घडत असेल ते सारे काळोखात होते. मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळलेल्या आणि दैवयोगाने सावरलेल्या एखाद्या रुग्णाने ‘मला दिसत नाही’ असे म्हटले, तर त्याचा दोष सरळ मेंदूच्या पदरात टाकला जाई. डोळा उघडून पाहण्याची सोयच नव्हती. ज्यांचे डोळे मृत्यूनंतर पाहिले जात, त्यांना आपली दृष्टी कशी होती हे सांगता येत नसे.

बाहुली काळीच का दिसते, हा प्रश्न लहान मुलालाही पडावा असा आहे. डोळ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पडद्यावरून परावर्तन पावून ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याने आपला डोळा त्याच वाटेवर ठेवला पाहिजे. पण तसे करावे तर त्याचेच डोके दिव्याच्या आड येते. या पेचातून मार्ग काढला तो क्योनिग्जबर्ग येथील हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या एकोणतीस वर्षांच्या प्राध्यापकाने. विद्यार्थ्यांना डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशाची उपपत्ती समजावून सांगण्याच्या तयारीत असताना त्याच्या मनात सहज विचार आला की, या परतणाऱ्या किरणांची प्रतिमा बनते तरी कोठे? काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरून त्याने दिव्याचा प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात पाठवला आणि त्याच पट्ट्यांतून आरपार पाहिले. एक भिंग, काही काचा आणि पुठ्ठा, एवढ्या सामग्रीवर १८५० साली तो जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहू शकला. १८५१ साली त्याने या उपकरणाचे वर्णन छापून प्रसिद्ध केले.

गणनयंत्राचा इंग्रज कल्पक चार्ल्स बॅबेज याने असेच एक उपकरण तीन वर्षे आधी, १८४७ साली, तयार करून एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवले होते. आरशावरील पाऱ्याचा थोडा लेप खरवडून त्याने पाहण्यापुरती जागा केली होती. त्या नेत्रवैद्याला त्यातून काही नीट दिसेना, म्हणून त्याने ते बाजूस ठेवले आणि ही हकीकत छापली ती १८५४ साली, म्हणजे हेल्महोल्ट्झची कीर्ती सर्वत्र पसरल्यावर. तज्ज्ञाच्या एका नकाराने एखादा शोध किती मागे पडू शकतो, याचे हे उदाहरण सरकारी कचेऱ्यांतून काम करणाऱ्यांना फारसे अपरिचित वाटणार नाही.

नेत्रदर्शकाने केवळ नेत्रवैद्यांचाच फायदा झाला असे नाही. दृष्टिपटल हा वस्तुतः मेंदूचाच पुढे आलेला अंश आहे. गर्भावस्थेत तो मेंदूपासूनच फुटून निघतो, आणि डोळ्यामागील दृष्टिमज्जातंतूवर मेंदूवर असतात तीच आवरणे चढलेली असतात. शरीरातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू त्वचा न कापता उघड्या डोळ्यांनी पाहता याव्यात अशी ही एकच जागा. १८६० साली बर्लिनच्या आल्ब्रेश्त फॉन ग्रेफे याने दाखवून दिले की, मेंदूत गाठ वाढून कवटीतील दाब चढला म्हणजे डोळ्याच्या तळाशी असलेले मज्जातंतूचे टोक सुजते. इंग्लंडात टॉमस क्लिफर्ड ऑलबट याने १८७१ साली आणि विल्यम गॉवर्स याने १८७९ साली मेंदूच्या रोगांत डोळ्याच्या तळाची पाहणी कशी करावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. मेंदूचा वैद्य आता हातात आरसा घेऊन रुग्णाच्या खाटेजवळ बसू लागला.

याच सुमारास एका शरीरशास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती. मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यांतील मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम असते आणि त्याच्याखालच्या पोकळीत निर्मळ पाण्यासारखा मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्याही याच पोकळीतून जातात. १८६९ च्या सुमारास जर्मनीतील गुस्टाफ श्वाल्ब याने या पोकळीत रंगीत द्रव भरून पाहिला, तेव्हा तो दृष्टिमज्जातंतूच्या भोवतालच्या म्यानात उतरलेला आढळला. म्हणजे कवटीतील ही पोकळी थेट डोळ्याच्या पाठीपर्यंत पोहोचते. पुढे जो वाद माजला त्याचे बीज या प्रयोगात आहे.

मेंदूतील रक्तस्राव म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, तो एकाच प्रकारचा नसतो. काही वेळा रक्त मेंदूच्या गाभ्यात साकळते, अर्धे अंग लुळे पडते, वाचा बसते. काही वेळा मेंदूच्या तळाशी असलेल्या एखाद्या रोहिणीच्या भिंतीवर द्राक्षाएवढा, कधी त्याहून लहान, फुगा आलेला असतो. त्याला रोहिणीविस्फार म्हणतात. वर्षानुवर्षे तो गुपचूप असतो. मग एखाद्या दिवशी, पुष्कळदा काही जड उचलताना वा जोर करताना, तो फुटतो आणि रोहिणीतील रक्त भरधाव वेगाने त्या जाळीखालच्या पोकळीत शिरते. डोक्यात वीज कोसळावी तशी वेदना उठते, मान ताठ होते, आणि कित्येकांची शुद्ध त्याच क्षणी हरपते. कवटी ही बंद हाडांची पेटी असल्यामुळे आतील दाब काही सेकंदांत अतोनात वाढतो. या दुसऱ्या प्रकाराशीच प्रस्तुत कथेचा मुख्य संबंध आहे.

१८८१ साली बर्लिनच्या मोरित्स लिटेन याने, अशा रक्तस्रावाच्या रुग्णांच्या डोळ्यांतही रक्त उतरलेले आढळते, अशी नोंद एका वैद्यकीय साप्ताहिकात केली. लिटेन हा नेत्रवैद्य नव्हता, तो सर्वसाधारण वैद्यकाचा जाणकार होता, आणि नोंदही त्याने त्याच दृष्टीने केली. नंतर १९०० साली आल्बेर तेर्सों या फ्रेंच नेत्रवैद्याने फ्रान्समधील एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात, मेंदूतील रक्तस्रावाच्या वेळी डोळ्यातील काचाभ द्रवात होणाऱ्या रक्तस्रावाविषयी लेख लिहिला. इंग्रजी वैद्यकाने त्याच्या नावाचा उच्चार ‘टर्सन’ असा केला आणि आज हा विकार जगभर त्याच नावाने ओळखला जातो. लिटेनने एकोणीस वर्षे आधी लिहिले होते, हे वैद्यकाच्या इतिहासकारांना ठाऊक आहे. पण नाव बदलले नाही. लिटेनचे नाव श्वासपटलाच्या हालचालीच्या एका लक्षणाला जोडले गेले, एवढ्यावर त्याला समाधान मानावे लागले. तेर्सोंचा मोठेपणा एवढाच की, ही बाब त्याने नेत्रवैद्यांच्या पंगतीत आणून बसवली.

काचाभ द्रव म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. डोळ्याच्या गोलाचा बहुतेक भाग एका पारदर्शक, रसरशीत, जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो. तो सुमारे ४ घन सेंटिमीटर असतो व त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणीच असते. त्याच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. आणि त्याच कारणाने एकदा त्यात रक्त मिसळले की ते वाहून नेणारा कोणी नसतो. त्वचेखाली रक्त साकळले तर आठ-पंधरा दिवसांत डाग मावळतो. डोळ्याच्या जेलीतील रक्त महिनेच्या महिने, कधी वर्षभरही, तसेच लोंबकळत राहते. रक्त थोडे असेल तर रुग्णाला डोळ्यांपुढे काळे धागे, कोळिष्टके, धूर दिसतो. अधिक असेल तर उजेड आणि अंधार यांतील फरक तेवढा कळतो. काही रुग्णांत रक्त जेलीत न मिसळता दृष्टिपटलाच्या पुढे साठते. तेव्हा त्याची वरची कड आडवी, सरळ आणि खालची गोलाकार दिसते, जणू डोळ्याच्या तळाशी एक लाल होडी नांगरून ठेवली आहे.

आता हे रक्त डोळ्यात येते कसे? पहिली कल्पना अगदी सरळ होती. श्वाल्बने वाट दाखवलीच होती. मेंदूभोवतीचे रक्त त्याच म्यानातून वाहत येऊन डोळ्यात शिरत असेल. परंतु मृतांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर अडचण उभी राहिली. म्यानात रक्त असे, डोळ्यातही रक्त असे, पण दोहोंच्या मध्ये डोळ्याची भिंत शाबूत असे. शिवाय जाळीखालच्या पोकळीत रक्त नसतानाही, केवळ कवटीतील दाब एकाएकी चढल्याने, डोळ्यात रक्तस्राव झाल्याचे आढळू लागले. तेव्हा मेंदूतील रक्त डोळ्यात येते ही कल्पना मागे पडली आणि डोळ्यातील रक्त डोळ्याचेच असते, हे मत पुढे आले. १९५१ साली अमेरिकेतील फ्रँक वॉल्श आणि टॉमस हेजेस यांनी म्यानातील रक्तस्रावाच्या अभ्यासावरून या मताला बळकटी आणली. दाब वाढताच मस्तिष्क-मेरुद्रव जोराने म्यानात लोटला जातो, म्यान फुगते, आणि त्याच्यातून बाहेर पडणारी दृष्टिपटलाची मुख्य नीला चेपली जाते. रोहिणीतून रक्त येतच राहते, पण परत जाण्याची वाट बंद झालेली असते. मग दृष्टिपटलावरील केसाहून सूक्ष्म वाहिन्या तटातट फुटतात. बंधाऱ्याचे दरवाजे अडकले म्हणजे पाणी गावातल्या गल्ल्यांत शिरते, तसा हा प्रकार.

वाद मात्र येथेच मिटला असे नाही. २०१२ नंतर मेंदूतील टाकाऊ द्रव्ये वाहून नेणाऱ्या एका निराळ्या प्रवाहव्यवस्थेकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे, आणि मेंदूतील रक्त काही रुग्णांत त्या वाटेने डोळ्यापर्यंत येत असावे, असे मत काहींनी मांडले आहे. म्हणजे जी कल्पना शंभर वर्षांपूर्वी मोडीत काढली होती, ती वेगळ्या वेषात परत दाराशी उभी आहे.

तेर्सोंच्या लेखानंतर जवळजवळ अर्धशतक या ज्ञानाचा उपयोग एकच होता: भविष्य वर्तवणे. शुद्ध हरपलेल्या रुग्णाची पापणी उचलून आत रक्त दिसले, तर वैद्य समजून चुकत असे की दाब फार मोठा होता आणि रुग्ण बहुधा वाचणार नाही. हा अनुभव निराधार नव्हता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, काळजीपूर्वक पाहणी केलेल्या अशा रुग्णांपैकी डोळ्यात काचाभ द्रवापर्यंत रक्त उतरलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ४३ टक्के, तर तसे नसलेल्यांत ९ टक्के आढळले. डोळ्यातील रक्ताने कोणी मरत नाही. ते मेंदूवर कोसळलेल्या आघाताचे मोजमाप आहे. पण ज्या काळी मेंदूतील फुटलेल्या रोहिणीवर काहीच इलाज नव्हता, त्या काळी रुग्णाच्या दृष्टीचा प्रश्न उपस्थितच होत नसे. मरणाऱ्याला चष्म्याचा नंबर कोण विचारणार?

दृष्टीचा प्रश्न उपस्थित झाला तो माणसे जगू लागल्यावर, आणि माणसे जगू लागली ती हळूहळू. १८९१ साली कील येथील हाइनरिश क्विंके याने कमरेत सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची रीत बसवली, तेव्हा जिवंत रुग्णाच्या पाण्यात रक्त उतरलेले पाहून निदान करता येऊ लागले. १९२० च्या दशकात इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञ चार्ल्स सायमंड्स याने या रक्तस्रावाचे लक्षणचित्र स्वतंत्रपणे रेखाटले. १९२७ साली लिस्बन येथे एगाश मोनीश याने रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्र घेतले. हे गृहस्थ त्याआधी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस येथील तह-परिषदेत त्यांनी आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले होते. फुगा नेमका कोठे आहे, हे आता कवटी उघडण्यापूर्वी कळू लागले. १९३१ साली एडिंबरोच्या नॉर्मन डॉट याने एका वकिलाच्या मेंदूतील फुटलेला फुगा त्याच्याच मांडीतील स्नायूचा तुकडा भोवती लपेटून थोपवला, आणि तो वकील पुढे कित्येक वर्षे जगला. १९३७ साली बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी याने फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवला. त्या रुग्णाची एका डोळ्याची पापणी मिटून गेली होती, कारण त्या डोळ्याला हालवणाऱ्या मज्जातंतूवर फुग्याचा दाब पडत होता. एकाएकी मिटलेली पापणी आणि विस्फारलेली बाहुली हा फुगा फुटण्यापूर्वीचा इशारा असू शकतो, हे आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला घोकावे लागते. डोळा अशा प्रसंगी आधीही बोलतो आणि नंतरही. १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि १९९० च्या सुमारास रक्तवाहिनीतूनच तारेचे वेटोळे सरकवून फुगा आतून भरण्याची युक्ती निघाली. ज्यांची आशा सोडावी असे रुग्ण घरी परतू लागले.

त्यांतले काही मात्र आंधळे परतले. येथे एक मोठी फसगत होत असे, आणि अजूनही होते. रुग्ण आठवडा-दोन आठवडे बेशुद्ध असतो. शुद्धीवर आल्यावर तो गोंधळलेला असतो, बोलणे असंबद्ध असते, हात चाचपडतो, पुढे केलेला पेला धरत नाही. घरच्यांस वाटते, मेंदू बिघडला. वैद्यासही पुष्कळदा तेच वाटते, आणि तसे वाटण्यास आधार असतो. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र आहे. तेथे इजा झाली तर निरोगी डोळ्यांनिशी माणूस आंधळा होतो. १८९९ साली, म्हणजे तेर्सोंच्या लेखाच्या अगदी आदल्या वर्षी, ऑस्ट्रियातील गाब्रिएल आन्टोन याने तर असे रुग्ण वर्णिले होते की जे मेंदूच्या विकाराने आंधळे असून आपण आंधळे आहोत हेच मान्य करीत नाहीत. त्यामुळे मेंदूच्या आजारातून उठलेल्या रुग्णाचे आंधळेपण मेंदूच्याच खाती जमा होणे स्वाभाविक होते. दोन्ही प्रकारांत बाहुली उजेडाला प्रतिसाद देते, म्हणून तेवढ्याने उलगडा होत नाही. फरक आहे तो एवढाच: मेंदूच्या आंधळेपणात नेत्रदर्शकाने पाहिले तर डोळ्याचा तळ स्वच्छ, तांबूस दिसतो, तेर्सोंच्या विकारात आत पाहणाऱ्यालाच काही दिसत नाही, तांबूस प्रकाश परत येतच नाही. हेल्महोल्ट्झपूर्व काळातील ती थट्टा येथे निदान होऊन बसते.

फरक बारीक असला तरी परिणाम मोठा आहे. मेंदूतील केंद्र नष्ट झाले तर ते नवे बसवता येत नाही. डोळ्यातील रक्तामागे मात्र दृष्टिपटल बहुधा जिवंत असते. पण १९७० पर्यंत हे कळूनही काही करता येत नसे. रक्त आपोआप विरण्याची वाट पाहावयाची, एवढाच उपचार होता. काचाभ द्रव ही वस्तू शस्त्रवैद्यांच्या लेखी अस्पृश्य होती. मोतीबिंदू काढताना ती चुकून बाहेर आली तर डोळा गेला, असेच समजले जाई. ती भीती प्रथम मोडली मायामी येथील डेव्हिड कॅस्नर याने. १९६० च्या दशकात त्याने डोळा पुढून उघडून, स्पंजाच्या तुकड्याला चिकटलेली जेली कात्रीने कापून काढली आणि दाखवले की तिच्यावाचूनही डोळा जगतो, पाहतो.

ते पाहणाऱ्यांत रॉबर्ट माखेमर हा तरुण जर्मन नेत्रवैद्य होता. त्याचे घराणेच नेत्रवैद्यांचे. वडील हेल्मुट माखेमर हेही नेत्रवैद्य. आई अर्धी ज्यू वंशाची. हिटलरच्या राजवटीत पत्नी व मुले यांना संरक्षण मिळावे म्हणून, युद्धात शौर्यपदक मिळवून तो हक्क मागण्याच्या उद्देशाने हे वडील स्वखुशीने रशियाच्या आघाडीवर डॉक्टर म्हणून गेले. पदक त्यांनी मिळवले, आणि १९४२ साली ते तेथेच मारले गेले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तोच मुलगा १९६६ साली मायामीस गेला. डोळा उघडा न टाकता, बुबुळाच्या कडेपासून काही मिलिमीटर मागे, जेथे दृष्टिपटल सुरू झालेले नसते अशा सुरक्षित जागेतून एक बारीक नळी आत घालावी, तिच्या टोकाशी फिरते पाते असावे, त्याने जेली कापावी, नळीने ती ओढून घ्यावी आणि तितकेच क्षारजल आत सोडून डोळ्याचा आकार राखावा, अशी त्याची कल्पना. जेलीच्या जागी त्याने प्रथम कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्यावर हत्यार चालवून पाहिले. यंत्रज्ञ जाँ-मारी पारेल याच्या मदतीने ते हत्यार सुधारले. १९७० साली मधुमेहामुळे डोळ्यात रक्त साठलेल्या एका रुग्णावर ही शस्त्रक्रिया प्रथम झाली.

ती मधुमेहासाठी योजली होती, तेर्सोंच्या विकारासाठी नव्हे. परंतु मेंदूतील रक्तस्रावाच्या रुग्णांना तिचा लाभ अधिकच झाला असे म्हणावयास हरकत नाही. मधुमेहात दृष्टिपटल स्वतःच रोगी असते, रक्त काढले तरी रोग राहतो. तेर्सोंच्या विकारात दृष्टिपटल बहुधा निरोगी असते. वरचा पडदा बाजूस सारला की खिडकी पूर्ववत. १९८० साली मायामीच्याच संस्थेतील डॉक्टरांनी अशा रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि ज्यांना हाताची हालचाल तेवढी कळत होती असे लोक पुन्हा अक्षर वाचू लागल्याची उदाहरणे देशोदेशींहून येऊ लागली. माखेमरचे पहिले हत्यार सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे होते. आज अर्धा मिलिमीटर वा त्याहूनही बारीक छिद्रांतून हे काम होते आणि टाकाही घालावा लागत नाही.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागते असे नाही. एका डोळ्यात थोडे रक्त असेल तर साधारण तीन महिने वाट पाहण्याची रीत आहे, कारण पुष्कळांचे रक्त आपोआप विरते. दोन्ही डोळ्यांत दाट रक्त असेल तर इतके थांबणे इष्ट नसते. नुकतेच मृत्यूच्या दारातून परतलेले माणूस चालणे, बोलणे, जेवणे नव्याने शिकत असते, आणि हे सारे अंधारात शिकणे किती कठीण, हे सांगावयास नको. लहान मुलांत तर विलंब घातक ठरतो, कारण कोवळ्या वयात काही आठवडे प्रकाश न मिळालेला डोळा पुढे स्वच्छ झाला तरी मेंदू त्याच्याकडे पाहणे सोडून देतो. फार काळ साचलेले रक्त दृष्टिपटलावर सुरकुत्यांचा पापुद्रा धरते, तोही धोका आहेच.

भारतात या दोन्ही विद्या स्वातंत्र्यानंतर रुजल्या. १९४९ साली वेल्लोर येथे जेकब चांडी यांनी आणि १९५० साली मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. अमेरिकेत शिकून आलेले एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ साली मद्रास येथेच शंकर नेत्रालय स्थापन केले, आणि दृष्टिपटल व काचाभ द्रव यांवरील शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले डॉक्टर तेथून देशभर गेले. आज मोठ्या शहरांतून दोन्ही सोयी आहेत. तुटवडा आहे तो या दोहोंमधील वाटेचा. मेंदूचा रुग्ण एका विभागात, डोळ्याचा वैद्य दुसऱ्या विभागात, पुष्कळदा दुसऱ्या इमारतीत. त्यातून डोळ्याचा तळ नीट पाहावयाचा तर बाहुली थेंब घालून मोठी करावी लागते, आणि मेंदूचे वैद्य त्याला सहसा राजी नसतात. त्यांचेही चुकत नाही. बेशुद्ध रुग्णाच्या बाहुलीच्या आकारावरूनच त्यांना मेंदूतील दाब पुन्हा वाढतो आहे की काय हे समजत असते, आणि थेंबांनी ती खूण तासन् तास पुसली जाते. दोन खात्यांचे दोन रास्त नियम एकमेकांना अडवतात आणि मधल्या मध्ये कागद पडून राहतो, तशातली ही गोष्ट.

वर उल्लेखिलेल्या २००४ च्या आढाव्यात आणखी एक आकडा आहे. जेथे रुग्णालयांच्या जुन्या नोंदी मागाहून चाळल्या, तेथे मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाच्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांच्या डोळ्यात असे रक्त सापडले. जेथे दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे डोळे मुद्दाम तपासण्यात आले, तेथे हे प्रमाण १३ टक्के निघाले. दोन्हीकडे रोग एकच, रुग्णही एकाच प्रकारचे. आता मेंदूचे संगणकीय क्ष-किरण छायाचित्र प्रत्येक अशा रुग्णाचे निघते, आणि त्यात डोळ्यांचे गोल बहुधा आपोआप आलेलेच असतात. दृष्टिपटलावर साठलेले रक्त पुष्कळदा त्याच छायाचित्रात, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एका लहानशा उंचवट्यासारखे दिसते. थेंबही घालावे लागत नाहीत. मात्र ते पाहणाऱ्याची नजर मेंदूवर खिळलेली असते.